उजेड खुपतो, पण तक्त्यावर नजर ६/६ : कारण शोधायचं कुठे?

टिपणवही

आरोग्य कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणासाठी 'उजेड सहन न होणे' या तक्रारीवर टिपण लिहायचं आहे. पुस्तकांत कारणांची यादी सापडते, पण त्या यादीत बुबुळावरची जखम, अर्धशिशी, गोवर, मेंदूज्वर, मोतीबिंदू आणि कोरडे डोळे एकाच रांगेत उभे असतात. समोर बसलेला माणूस डोळ्यांवर हात धरून 'उजेड नको' म्हणतोय, तेव्हा या रांगेतून नेमकं काय उचलायचं, हे त्या यादीवरून कळत नाही. म्हणून जाणकारांना हे प्रश्न:

१. डोळ्याच्या पडद्याला, म्हणजे रेटिनाला, वेदना कळत नाही असं वाचलं. तसं असेल तर उजेड पडल्यावर दुखतं ते नेमकं काय?

२. डोळा लाल नाही, तक्त्यावरची शेवटची ओळ वाचता येते (म्हणजे नजर ६/६), तरी ट्यूबलाइटखाली बसवत नाही. अशा वेळी कारण डोळ्यात शोधायचं की डोळ्याबाहेर?

३. गडद चष्मा लावला की आराम पडतो. तो दिवसभर लावू द्यावा का?

शिवाय कुठल्या लक्षणांवर 'उद्या बघू' म्हणायचं नाही, तेही हवं आहे. आकडे आणि तपासणीच्या पायऱ्या दिल्यात तर टिपणात जशाच्या तशा घेता येतील.

---

स्लिटलॅम्प

यादी बाजूला ठेवा आणि आधी एकच प्रश्न विचारा: उजेडाने डोळे दिपतात की खुपतात? मराठीत हे दोन वेगळे शब्द आहेत आणि आजारही दोन वेगळ्या गटांतले आहेत.

दिपणं म्हणजे समोरचं धुवून निघाल्यासारखं होतं, समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याभोवती झगमगाट पसरतो, पण दुखत नाही. डोळ्यात शिरलेला प्रकाश विखुरतो किंवा गरजेपेक्षा जास्त आत येतो, म्हणून हे होतं. मोतीबिंदू, विशेषतः भिंगाच्या मागच्या आवरणालगत धरणारा, हे याचं नेहमीचं कारण. तो स्टिरॉइड दीर्घकाळ घेणाऱ्यांत कमी वयातही होतो. त्याची खूण अशी की भर उन्हात आणि वाचताना जास्त त्रास होतो, कारण बाहुली लहान झाली की सगळा प्रकाश नेमका त्या मधल्या डागातूनच जातो. बुबुळावरचं फूल आणि औषधाने मोठी झालेली बाहुली हेही याच गटात.

खुपणं म्हणजे वेदना. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. पडद्याला वेदना कळत नाही हे बरोबर. दृष्टीची नस फक्त प्रकाशाचा निरोप नेते, वेदना नेते ती मेंदूची पाचवी नस, ट्रायजेमिनल. तिची वरची फांदी कॉर्निया (बुबुळावरचा पारदर्शक थर), परितारिका (बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा), पापणी, कपाळ आणि मेंदूवरच्या आवरणांचा बराचसा भाग अशा सगळ्यांना जोडलेली आहे. यांतली कुठलीही जागा आधीच चिडलेली असेल, तर प्रकाश नुसती ठिणगी टाकतो. म्हणून खुपण्याची तक्रार आली की पाचवी नस कुठे चिडली आहे, एवढंच शोधायचं: डोळ्याच्या पृष्ठभागावर, डोळ्याच्या आत, की डोळ्याच्या मागे डोक्यात.

पृष्ठभाग. कॉर्नियाइतकं दाट मज्जातंतूंचं जाळं शरीरात फार थोड्या ठिकाणी आहे. नखाचा ओरखडा, कण अडकणं, कॉन्टॅक्ट लेन्सखाली झालेली जखम, जंतुसंसर्गाचा व्रण, वेल्डिंगच्या ठिणगीकडे उघड्या डोळ्यांनी पाहणं, या सगळ्यांत डोळा उघडत नाही, पाणी धावतं, आत वाळू असल्यासारखं वाटतं. वेल्डिंगचा किंवा बर्फावरून परावर्तित झालेल्या अतिनील किरणांचा परिणाम ६ ते १२ तासांनी उमटतो, त्यामुळे दिवसा काम केलेला माणूस मध्यरात्री ओरडत उठतो आणि दुपारच्या वेल्डिंगशी त्याचा संबंध कुणी जोडत नाही. त्याचा त्रास बहुधा २४ ते ४८ तासांत उतरतो.

तपासणी सोपी आहे. फ्लुओरेसिन या रंगाची कागदी पट्टी ओली करून खालच्या पापणीच्या आत टेकवायची, दोन-तीनदा उघडझाप करायला सांगायची आणि निळ्या प्रकाशात पाहायचं. जिथे वरचा थर सोलला आहे तिथे हिरवं चमकतं. उभे समांतर ओरखडे दिसले तर वरची पापणी उलटून पाहा, कण तिथे चिकटलेला असतो. फांद्या फुटल्यासारखी नक्षी दिसली तर हर्पीस धरून चाला. अशा डोळ्यात स्टिरॉइडचा थेंब गेला तर व्रण नकाशासारखा पसरतो. लाल डोळा दिसला म्हणून घरात पडलेली स्टिरॉइडची बाटली वापरू नका, हे टिपणात ठळक लिहा.

आता डोळ्याच्या आत. परितारिकेचा दाह, ज्याला आयरायटिस किंवा पुढचा युव्हायटिस म्हणतात, हा खुपण्याच्या कारणांत सगळ्यांत जास्त वेळा हुकणारा. लाली असते, पण ती पापणीच्या आतल्या बाजूला नसून बुबुळाच्या कडेभोवती कड्यासारखी असते. चिकट घाण येत नाही. बाहुली लहान, कधी वेडीवाकडी. वेदना भुवईत खोल ठसठसणारी. प्रकाश पडला की बाहुली आकसते आणि दाहाने सुजलेले स्नायू ओढले जातात, म्हणून दुखतं.

इथे टॉर्चची एक चाचणी कुणालाही करता येते. दुखरा डोळा तळहाताने पूर्ण झाका. मग चांगल्या डोळ्यात टॉर्च मारा. झाकलेल्या डोळ्यात कळ उठली तर आयरायटिसचा संशय घट्ट झाला, कारण एका डोळ्यावर प्रकाश पडला तरी बाहुल्या दोन्ही आकसतात. नुसता पृष्ठभागाचा त्रास असेल तर झाकलेला डोळा सहसा शांत राहतो.

दवाखान्यात करायची दुसरी चाचणी: बधिर करणारा प्रोपॅराकेन ०.५ टक्क्यांचा एक थेंब. मिनिटाभरात डोळा उघडला आणि दुखणं पार गेलं तर मूळ पृष्ठभागावर. काहीच फरक नाही तर आत किंवा मागे बघा. हा थेंब निदानापुरता. घरी न्यायला कधीही देऊ नये. वारंवार टाकला तर कॉर्नियाचा वरचा थर भरून येत नाही, आणि वेदना जाणवत नसल्यामुळे डोळा आतून विरघळेपर्यंत माणसाला पत्ता लागत नाही.

आयरायटिस पक्का करायला स्लिटलॅम्प, म्हणजे बारीक प्रकाशझोत टाकून डोळा मोठा करून दाखवणारं यंत्रच लागतं. १ मिमी बाय १ मिमीच्या प्रकाशझोतात तरंगणाऱ्या पेशी मोजतात: ६ ते १५ म्हणजे १+, १६ ते २५ म्हणजे २+, २६ ते ५० म्हणजे ३+, त्यापुढे ४+. उपचारात प्रेडनिसोलोन ॲसिटेट १ टक्का हे स्टिरॉइड, सुरुवातीला तासातासाला, आणि सोबत बाहुली सैल ठेवणारं औषध, म्हणजे होमॅट्रोपिन २ टक्के किंवा सायक्लोपेंटोलेट १ टक्का. दुसऱ्या औषधाने वेदना उतरते आणि परितारिका मागच्या भिंगाला चिकटत नाही. नेहमी चुकतं ते इथे: चौथ्या दिवशी बरं वाटलं की माणूस थेंब बंद करतो आणि दाह दुप्पट जोराने परततो. मात्रा काही आठवड्यांत पायरीपायरीने उतरवायची असते, आणि तेवढ्या काळात डोळ्याचा दाब मोजत राहायचा. वारंवार होत असेल आणि सकाळी उठल्यावर कंबर अर्ध्या तासाहून जास्त आखडलेली राहत असेल, तर रक्तात एचएलए-बी२७ हा जनुकीय घटक तपासा. पुढच्या तीव्र युव्हायटिसच्या साधारण निम्म्या रुग्णांत हा घटक सापडतो.

एक शेवटचं. साधे 'डोळे आले' असतील तर चिकटपणा, खाज, पाणी हे असतं, पण उजेड फारसा खुपत नाही. खुपायला लागला म्हणजे संसर्ग कॉर्नियापर्यंत पोचला. ॲडिनोव्हायरसच्या साथीत लाली ओसरल्यावर, दुसऱ्या आठवड्याच्या आसपास, कॉर्नियात बारीक पांढरे ठिपके येतात आणि उजेड खुपणं तेव्हा सुरू होतं. लोक त्याला नवीन आजार समजतात.

---

पाचवी_नस

स्लिटलॅम्प यांनी डोळ्याची बाजू भक्कम मांडली आहे. मी दुसऱ्या प्रश्नाकडे येतो: डोळा पांढराशुभ्र, नजर ६/६, तरी उजेड नको.

अशा माणसाला 'डोळे ठीक आहेत, काही नाही' असं सांगून परत पाठवतात. हे फार चुकीचं आहे, कारण या गटात सगळ्यांत मोठा वाटा अर्धशिशीचा, म्हणजे मायग्रेनचा असतो आणि ती ओळखायला कुठलंही यंत्र लागत नाही. आंतरराष्ट्रीय निकष असे: किमान ५ झटके, औषध न घेता प्रत्येक ४ ते ७२ तासांचा, एका बाजूला, ठणकणारं, मध्यम ते तीव्र, हालचालीने वाढणारं, या चारांपैकी दोन गुण, आणि मळमळ किंवा उलटी, नाहीतर उजेड आणि आवाज दोन्ही नकोसे होणं. डोकं दुखत नसलेल्या दिवशीही यांतल्या बऱ्याच लोकांना उजेड इतरांपेक्षा जास्त टोचतो. त्यामुळे 'आत्ता डोकं दुखतंय का?' एवढं विचारून थांबू नका. गेल्या तीन महिन्यांत असं अंधाऱ्या खोलीत पडून राहावं लागलं का, ते विचारा.

प्रकाश डोकेदुखी कसा वाढवतो, याचा धागा गेल्या पंचवीसेक वर्षांत हाती लागला. पडद्यावर शंकू आणि दंड या पेशींखेरीज आणखी एक प्रकार आहे. त्या पेशींत मेलॅनोप्सिन नावाचं रंगद्रव्य असतं, त्या स्वतःच प्रकाश टिपतात आणि साधारण ४८० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाला सर्वांत जास्त प्रतिसाद देतात. चित्र पाहण्याशी त्यांचा संबंध कमी. बाहुलीचं आकसणं आणि झोपेचं घड्याळ हे त्यांचं मुख्य काम. २०१० साली दिसून आलं की या वाटेने आलेला प्रकाशाचा निरोप मेंदूच्या थॅलॅमस या भागातल्या ज्या पेशींवर पोचतो, त्याच पेशींवर मेंदूच्या आवरणाकडून वेदनेचाही निरोप येतो. दोन ओढे एका नाल्याला मिळावेत तसं. म्हणूनच ज्यांना चित्र दिसत नाही पण उजेड-अंधार कळतो, अशा अंध व्यक्तींचीही अर्धशिशी उजेडाने वाढते. ज्यांची दृष्टीची नसच पूर्ण निकामी आहे त्यांची वाढत नाही.

२०१६ च्या कामात निळा, पिवळसर आणि लाल प्रकाश डोकेदुखी जास्त वाढवताना दिसले, तर ५३० नॅनोमीटरच्या आसपासचा मंद हिरवा सर्वांत कमी.

अर्धशिशीच्या माणसाला टिपणात एक इशारा हवाच. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, ट्रिप्टान (अर्धशिशीची खास गोळी) किंवा मिश्र गोळी १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं तर गोळ्यांमुळेच डोकेदुखी रोजची होऊन बसते, आणि उजेडाचा त्रासही तिच्या जोडीने मुक्कामाला येतो.

बाकीची कारणं थोडक्यात. डोक्याला मार लागल्यावर काही आठवडे, कधी महिने, उजेड सहन होत नाही. पापण्या आपोआप घट्ट मिटण्याचा आजार, ब्लेफॅरोस्पाझम: यात माणूस चष्म्याच्या दुकानांत वर्षानुवर्षं फिरतो. मुळात तो मेंदूच्या हालचाल-नियंत्रणाचा बिघाड आहे, आणि बोट्युलिनम टॉक्सिनच्या इंजेक्शनाने साधारण तीन महिने आराम मिळतो.

आता थांबायचं नाही अशा गोष्टी. ताप, डोकेदुखी, उलटी आणि मान पुढे वाकत नाही: मेंदूज्वर समजून थेट रुग्णालय. अंगावर दाबूनही न पुसटणारे लालसर-जांभळे ठिपके असतील तर एक तासही घालवू नका. दोन वर्षांखालच्या बाळात मान ताठ नसली तरी मेंदूज्वर असू शकतो. तिथे टाळू फुगलेली, दूध न ओढणं, एकसुरी किंचाळणं हे बघा. मिनिटभरात शिगेला पोचलेली, आयुष्यात कधी झाली नाही इतकी तीव्र डोकेदुखी म्हणजे मेंदूभोवती रक्तस्राव नाही ना, हे आधी पाहायचं.

---

स्लिटलॅम्प

यात डोळ्याच्या बाजूने भर घालतो. त्याच दिवशी पाठवायचे: कॉन्टॅक्ट लेन्स वापरणारा आणि डोळा दुखतो-खुपतो (लेन्स काढून टाका, पण फेकू नका, डबीसकट सोबत न्या, त्यातून जंतू वाढवून पाहता येतात, डोळ्यावर पट्टी बांधू नका), बुबुळावर पांढरा ठिपका, नजर कमी झालेली, डोळ्यात चुना, ॲसिड किंवा कुठलंही रसायन गेलेलं, मात्र इथे पाठवण्याआधी किमान अर्धा तास स्वच्छ पाण्याची धार, डोळ्याची शस्त्रक्रिया अलीकडे झालेली, आणि दगडासारखा टणक डोळा, दिव्याभोवती रंगीत कडी, उलट्या, अर्धवट मोठी होऊन थिजलेली बाहुली. हा शेवटचा तीव्र काचबिंदू. उलट्या बघून त्याला पोटाच्या विकारात ढकलतात. डोळ्याचा दाब साधारण १० ते २१ मिमी पारा असतो तो इथे ४० च्याही वर जातो, आणि काही तासांत नस कायमची मरू शकते.

लेन्स नळाच्या पाण्याने धुणाऱ्यांत अकँथअमीबा नावाचा सूक्ष्मजीव शिरतो. दिसायला डोळा फारसा बिघडलेला नसतो, पण वेदना त्यामानाने प्रचंड. अशी विसंगती दिसली की हे नाव डॉक्टरांसमोर काढा.

---

टिपणवही

दोघांचे आभार. 'दिपणं की खुपणं' हा प्रश्न टिपणाच्या पहिल्याच ओळीत घेतो आहे. लहान मुलांना मात्र दोन्ही शब्द सांगता येत नाहीत. त्यांच्यात काय बघायचं? आणि कोरडे डोळे कुठल्या गटात?

---

बाळनजर

मुलं उजेडाची तक्रार करत नाहीत, वागण्यातून दाखवतात. पदराआड तोंड लपवणं, खिडकीकडे पाठ करून खेळणं, उन्हात गेलं की रडणं. यांतलं सगळ्यांत महत्त्वाचं आधी सांगते.

वर्षाच्या आतलं बाळ, डोळ्यांतून पाणी, उजेडात पापण्या घट्ट मिटून घेणं, आणि बुबुळ मोठं व टपोरं. 'किती मोठे सुंदर डोळे' म्हणून घरात कौतुक चाललेलं असतं आणि तो जन्मजात काचबिंदू असतो. नवजात बाळाचं बुबुळ आडवं साधारण ९.५ ते १०.५ मिमी भरतं. पहिल्या वर्षात १२ मिमीच्या वर गेलं किंवा ढगाळ दिसलं तर त्याच आठवड्यात बालनेत्रतज्ज्ञाकडे न्या. अश्रूनलिका बंद असल्यानेही बाळाच्या डोळ्यातून पाणी येतं, म्हणून नाकाशेजारी मालीश सांगून वाट पाहिली जाते. फरक उजेडात कळतो: नलिका बंद असेल तर पाणी येतं पण बाळ उजेडात डोळे उघडे ठेवतं. जन्मजात काचबिंदूचा उपचार शस्त्रक्रिया आहे आणि उशीर झालेला प्रत्येक महिना नजरेतून वजा होतो.

दुसरा गट जन्मापासून दिपणाऱ्या मुलांचा. डोळे लयीत हलतात आणि मूल भर दिवसापेक्षा संध्याकाळी जास्त मोकळं वावरतं, तर शंकूपेशी काम करत नसाव्यात. हा रंगांध प्रकार साधारण ३०,००० त एका बाळात असतो. दिनांधत्व म्हणतात ते हेच. गडद लालसर भिंगांनी अशा मुलांचं जगणं खरोखर बदलतं, शाळेच्या पटांगणावर ती डोळे उघडून उभी राहतात. त्वचा-केस पांढुरके असतील तर रंगद्रव्याचा अभाव. परितारिका जवळजवळ नसेलच, म्हणजे काळी बाहुलीच बुबुळभर पसरलेली असेल आणि घरात दुसऱ्या कुणाला हे नसेल, तर मूत्रपिंडाच्या गाठीचा धोका असतो. जनुकतपासणी होईपर्यंत दर ३ महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी हवी.

उन्हात नेलं की मूल एकच डोळा मिटतं, ही खूण आईवडील गंमत म्हणून सांगतात. अधूनमधून एक डोळा बाहेर सरकणाऱ्या तिरळेपणात हे हमखास दिसतं. मूल दमलेलं असताना, लांब पाहताना, डोळे सरळ आहेत का ते बघा. आणि ५ ते १५ वर्षांचं मूल डोळे चोळून चोळून लाल करत असेल, तारेसारखा चिकट स्राव येत असेल, तर ऋतूनुसार उसळणारी ॲलर्जी. उजेड फार खुपायला लागला तर वरच्या पापणीखालच्या खडबडीत गाठींनी कॉर्निया घासून व्रण पडला असू शकतो.

गोवरात ताप, सर्दी, लाल डोळे आणि उजेड नको असं सगळं एकत्र येतं. पडदे ओढून ठेवणं हा आरामापुरता उपाय. डोळा वाचवतं ते 'अ' जीवनसत्त्व. जागतिक आरोग्य संघटनेची मात्रा सलग दोन दिवस रोज एकदा: ६ महिन्यांखाली ५०,००० एकक, ६ ते ११ महिने १ लाख, वर्षापुढे २ लाख. डोळ्यांवर कमतरतेच्या खुणा असतील तर आणखी एक मात्रा काही आठवड्यांनी. ही आरोग्य केंद्रातूनच द्यायची, घरी अंदाजाने नाही.

---

भिंगकार

कोरडे डोळे खुपण्याच्या गटात, पृष्ठभागावर. डोळा पांढरा आणि नजर ६/६ असणाऱ्यांत अर्धशिशीनंतर हेच शोधा. गंमत अशी की ही दोन्ही एकाच माणसात बऱ्याचदा सापडतात.

खूण: वाचता वाचता अक्षरं पुसट होतात आणि उघडझाप केली की परत स्पष्ट. अश्रूंचा थर किती टिकतो ते फ्लुओरेसिन टाकून मोजतात. शेवटच्या उघडझापेपासून पहिला कोरडा डाग पडेपर्यंत १० सेकंदांपेक्षा कमी वेळ म्हणजे थर कच्चा. बधिर न करता अश्रू मोजणारी शर्मरची कागदी पट्टी ५ मिनिटं ठेवून ५ मिमीपर्यंतही भिजली नाही तर अश्रूच कमी आहेत. पापण्यांच्या कडांतल्या तेलग्रंथी तुंबल्या असतील तर ४० अंशांच्या आसपास ऊब देणारी पट्टी ५ ते १० मिनिटं, मग कडेच्या दिशेने हलकी मालीश, काही आठवडे रोज. आठवडाभर करून सोडणाऱ्यांना फरक पडत नाही आणि दोष उपायाला जातो. कृत्रिम अश्रू दिवसात चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर टिकवणूक-द्रव्य नसलेले घ्या. बाटलीतलं बेंझाल्कोनियम क्लोराइड हे टिकवणूक-द्रव्य पुन्हापुन्हा पडून कॉर्नियाच सोलतं. लाली घालवणारे थेंब यासाठी अजिबात नकोत.

आता तिसरा प्रश्न, चष्म्याचा. याविषयी मला ठामपणे सांगायचं आहे: घरात गडद गॉगल लावून बसू नये. पडदा अंधाराला सरावला की त्याची संवेदना कित्येक पटींनी वाढते. पूर्ण सरावायला ३० ते ४० मिनिटं लागतात. गॉगल दिवसभर लावला की डोळा कायम त्या अवस्थेत राहतो आणि काढल्यावर साधा बल्बही भाल्यासारखा लागतो. मग आणखी गडद काच. या चक्रातून बाहेर पडायला काच एकदम काढायची नाही. दर आठवड्याला एक पायरी फिकी करायची, किंवा घरात रोज अर्धा तास जास्त उघडे डोळे. अपवाद दोनच: बाहुली मोठी करणारं औषध टाकलेलं असताना, आणि आयरायटिस किंवा कॉर्नियाच्या जखमेचे सुरुवातीचे दिवस.

घराबाहेर गॉगल जरूर, पण काचेचा क्रमांक बघून. काचांना ० ते ४ असे वर्ग असतात. वर्ग ३ मधून ८ ते १८ टक्के प्रकाश आत येतो, उन्हासाठी तो पुरे. वर्ग ४ मधून ३ ते ८ टक्के. तो लावून गाडी चालवायची नाही. काचेच्या गडदपणाचा अतिनील संरक्षणाशी संबंध नाही. ४०० नॅनोमीटरपर्यंत संरक्षण असं लिहिलेलं हवं. संरक्षण नसलेली गडद काच साध्या उघड्या डोळ्यापेक्षा वाईट, कारण तिच्यामागे बाहुली मोठी होते. पोलराइज्ड काच पाणी-रस्त्यावरची तिरीप कापते, तेवढंच तिचं काम. आयरायटिसची वेदना तिने कमी होत नाही.

अर्धशिशी आणि ब्लेफॅरोस्पाझमसाठी एफएल-४१ नावाची गुलाबी छटा आहे. ती ४८० ते ५२० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश कापते आणि घरात लावण्याइतकी फिकी बनवता येते. १९९१ साली मुलांवरच्या एका छोट्या अभ्यासात या छटेने महिन्याचे सरासरी ६.२ झटके १.६ वर आले होते. कुठलीही गुलाबी काच म्हणजे ती छटा नव्हे. कोणत्या तरंगलांबीला किती टक्के प्रकाश जातो, त्याचा आलेख मागा.

दिव्याकडेही बघा. जुन्या चोकची ट्यूबलाइट ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. डोळ्याला ते दिसत नाही, तरी काहींचं डोकं धरतं. स्वस्त एलईडी आणि मंद केलेले स्क्रीनही असेच तुटक तुटक प्रकाश देतात. मोबाइलचा कॅमेरा संथ चित्रीकरणावर लावून दिव्याकडे धरा, पट्टे सरकताना दिसले तर दिवा बदला. स्क्रीनची प्रखरता अगदी तळाला न नेता खोलीच्या उजेडाइतकी ठेवा, आणि खिडकी पाठीमागे किंवा समोर न ठेवता बाजूला घ्या.

---

पाचवी_नस

भिंगकार यांचं गॉगलबद्दलचं म्हणणं अर्धशिशीलाही तंतोतंत लागू. झटका चालू असताना अंधारात पडणं ठीक, दोन झटक्यांमधल्या दिवसांत अंधारात राहणं नाही.

औषधांचं राहिलं होतं. बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांचा परिणाम ट्रोपिकामाइडचा ४ ते ८ तास, सायक्लोपेंटोलेटचा दिवसभर, होमॅट्रोपिनचा १ ते ३ दिवस, ॲट्रोपिनचा आठवडा ते दोन आठवडे. धोतऱ्याचं पान तोडलेला हात डोळ्याला लागला तरी एकच बाहुली मोठी होते आणि माणूस मेंदूच्या स्कॅनपर्यंत पोचतो. हात कशाला लागले होते, हे आधी विचारा. मुरुमांसाठीचं आयसोट्रेटिनोइन डोळे कोरडे करून उजेड खुपवतं. डॉक्सिसायक्लिनच्या पाकिटावर 'प्रकाशसंवेदनशीलता' लिहिलेलं असतं, ते मात्र त्वचेबद्दल आहे: उन्हात कातडी भाजते. तसंच लुकलुकत्या प्रकाशाने झटके येणारी अपस्मार ही तिसरीच गोष्ट. टिपणात हे तीन शब्द एकमेकांत मिसळू देऊ नका.

---

टिपणवही

एकच शंका उरली. फ्लुओरेसिन लावून हिरवं चमकत नाही, अश्रू ठीक, अर्धशिशीचे निकष बसत नाहीत, तरी उजेड खुपतोच. मग?

---

स्लिटलॅम्प

तीन गोष्टी तपासायच्या. चष्मा घालवण्याची लेझर शस्त्रक्रिया झाली आहे का? फेमटोसेकंद लेझरने कॉर्नियाचा पापुद्रा कापलेल्यांत २ ते ६ आठवड्यांनी, नजर उत्तम असताना, दोन्ही डोळ्यांत उजेड एकाएकी असह्य होऊ शकतो. तो स्टिरॉइडच्या थेंबांनी उतरतो. दुसरं, सकाळी डोळा उघडतानाच एक तीक्ष्ण कळ आणि तासाभरात सगळं साफ: जुन्या ओरखड्याच्या जागी वरचा थर रात्री पापणीला चिकटून सोलला जातोय. दुपारी तपासलं तर काहीच सापडत नाही, म्हणून सकाळी लवकर बोलवा, आणि रात्री झोपताना वंगण मलम काही महिने चालू ठेवा. तिसरं, कॉर्नियातले मज्जातंतूच बिघडलेले असणं. लेझर, हर्पीस, मधुमेह, जुनाट कोरडेपणा यांनंतर हे होतं. दुखणं फार, दिसणारं काहीच नाही. प्रोपॅराकेनच्या थेंबाने दुखणं पूर्ण गेलं तर बिघाड कॉर्नियातच; अर्धवट गेलं किंवा गेलंच नाही तर वेदनेची वाट मेंदूच्या बाजूला पक्की झाली आहे, आणि उपचार थेंबांऐवजी मज्जातंतूंच्या वेदनेच्या गोळ्यांनी, पाचवी_नस यांच्या विभागात. अशा माणसाच्या कागदावर 'मानसिक' असं लिहिण्याआधी ही थेंबाची चाचणी झाली आहे का, एवढं मात्र नक्की बघा.